मधल्या भिंतीचा कोपरा

आमच्याकडं सून भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, बाजेवर बसत नाही. ती जमिनीवर बसते, तीही भिंतीच्या आडोशानं, पदर कपाळाखाली ओढून. तो खाली असला तर ती माडीवर किंवा धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर, पाय ठेवत नाही. बोलायचंच झालं तर पोराबाळांमार्फत बोलते. पोर जवळ नसेल तर भिंतीला सांगते आणि ज्यानं ऐकायचं तो ऐकतो. माझ्या मायनं, चतुराबाईनं, लग्न होऊन पिशोरात आल्यापासून हे पाळलं. मोठेबाबा, म्हणजे माझे थोरले चुलते पुंजाराम, हेही तिच्या तोंडाकडं पाहून कधी बोलले नाहीत.

अण्णा, माझे वडील, कार्तिकात गेले. गावातल्या घराची वाटणी फार पूर्वी झाली होती. मधे भिंत घालून पश्चिमेची बाजू मोठेबाबांकडं आणि पूर्वेची आमच्याकडं आली होती, पण अण्णांना गावात करमायचं नाही. ते आणि माय शेतातल्या खोपीत राहिले. आमच्या बाजूला कडबा रचलेला असे आणि मोठेबाबांच्या म्हशी बांधलेल्या. अण्णांनी जाताना भावाला “हिला बघा,” एवढंच सांगितलं. तेरावं झालं तसं मोठेबाबांनी मायला शेतातून आणून आपल्या घरात ठेवलं. एकटी बाई रानात कशी राहणार, हे त्यांचं म्हणणं चूक नव्हतं.

मी तेव्हा मुकुंदवाडीला शाळेत शिकवत होते. परीक्षा संपल्या, निकाल लागला आणि कन्नडवरून जाणाऱ्या एसटीनं मी पिशोरला उतरले. उन्हानं तोंड सोललं होतं. माय मला चहा करायला उठली. चुलीपुढं मोठीआई, म्हणजे मोठेबाबांची बायको द्वारकाबाई, भाकरी करत होती. मायनं साखरेच्या डब्याकडं हात नेला, आणि डबा धरण्याआधी मोठीआईकडं पाहिलं.

“घे की बाई,” मोठीआई म्हणाली. “इचारती काय?”

मोठीआई मनानं वाईट नव्हती. त्या घरात मायला कुणी उपाशी ठेवलं नव्हतं की घालूनपाडून बोललं नव्हतं. पण तो हात डब्याच्या अलीकडं थांबलेला मी पाहिला होता. चहा मला गेला नाही.

संध्याकाळी शेण टाकायला निघाली तेव्हा माय मला बरोबर घेऊन गेली. उकिरड्याजवळ पाटी खाली ठेवून म्हणाली, “आपली बाजू मी नीट करनार हाय.”

मी विचारलं, कशाला, आणि कोणाकडून.

“कुनाकडून कशाला? मला हात नायत? मला माझी चूल पाहिजे, कौसे. बाकी कायबी नको.”

हे मोठेबाबांना सांगायचं काम माझ्याकडं आलं. ते अंगणात अंबाडीचा दोर वळत बसले होते. माझं बोलणं होईपर्यंत त्यांचे हात थांबले नाहीत. नंतर बराच वेळ ते दोराशीच बोलल्यासारखे बोलत राहिले. भाऊ गेला आणि सहा महिन्यांत भावजयीला वेगळं काढलं, असं गाव म्हणेल. त्यानं माझ्याजवळ सोपवलेलं माणूस. आन ते घर तरी घर राहिलंय का, किती पावसाळे झाले त्यावर मूठभर माती पडून. शेवटी म्हणाले, “मृगाच्या आत धाबं पक्कं झालं तर मांडा चूल. नाय झालं, तर म्हशी तिथंच राहतील आन तुझी माय हितं. मंग पुन्हा हा इषय नाय.”

गडी आणि बैलगाडी मात्र मिळणार नाही, असंही त्यांनी सांगून टाकलं. नांगरट बाकी होती.

भिंतीआडून मायचा आवाज आला, “व्हय म्हन.”

दुसऱ्या दिवशी तिनं अण्णांचा सदरा काढला. मातीच्या कामाला जाणाऱ्या बाया लुगड्यावर पुरुषाचा सदरा घालतात, तसा तो घातला, बाह्यांची बटणं लावली, डोक्याला फडकं गुंडाळलं आणि म्हशींच्या गव्हाणीपासून सुरुवात केली. मी कडबा बाहेर ओढला. खालची जमीन मुतानं इतकी कुजली होती की कुदळ मारली तर डोळ्यांत पाणी यायचं. तिनं हातभर जमीन खणून काढली, उन्हात टाकली आणि मुरूम भरून चोपली. भिंतींचे पोपडे खुरप्यानं उतरवले. ती खाली वाकलेली असली आणि मी मागून पाहिलं, की सदऱ्यामुळं क्षणभर मला दुसरंच कोणी दिसायचं. मग मी पाटी उचलून बाहेर जायचे.

म्हशी आता मोठेबाबांच्या अंगणात लिंबाखाली आल्या.

खरं काम धाब्याचं होतं. आमच्या घरांना वर कौलं नसत. तुळया, तुळयांवर किलच्या म्हणजे फाडलेल्या लाकडाच्या बोटभर जाड पट्ट्या, त्यांवर पाला आणि पाल्यावर हातभर पांढरी माती. ही माती गावाबाहेरच्या पांढरीवर, म्हणजे ओस पडलेल्या जुन्या गावठाणावरच मिळते. तिच्यात खार असतो, ती फुगून पाणी अडवते. काळी माती टाकली तर उन्हात भेगा पडतात आणि पहिल्याच सरीला घर गळतं. मोठेबाबा न्याहारी करून शेतात गेले की माय मागच्या बोळातून शिडी लावून वर चढायची. जुनी माती उकरून ती खाली टाकायची, मी ढेकळं फोडून चाळायचे. त्यातली निम्मी पुन्हा वापरता येते असं ती म्हणे.

किलच्या उघड्या पडल्या तशी ती एकेकीवर गुडघा टेकून पाहायची. कुजकी निघाली की खाली भिरकवायची. बदली लाकूड शेतातल्या खोपीचं होतं. ती खोप आम्ही दोघींनीच उतरवली. अण्णांनी रोवलेल्या मेढी, म्हणजे खांब, निघता निघत नव्हत्या. मायनं बुडाशी घागर ओतली, माती भिजू दिली, आणि मेढ दोन्ही हातांनी कवटाळून हलवत राहिली. निघाली तेव्हा ती मेढीसकट मागं बसली. उठून धूळ झटकली आणि म्हणाली, “चांगली खोल घातली व्हती.” आमच्या शेजारणीच्या, ताहेराच्या, नवऱ्यानं, वहाबमियाँनं, हातगाड्यावर ते लाकूड गावात आणून टाकलं. तो बाजारोबाजार गाद्या भरायला जायचा आणि समोरच राहायचा.

सगळं धाबं तिनं उकरलं, फक्त मधल्या भिंतीलगतचा कोपरा सोडला. दोन हातांची जागा असेल. मी विचारलं तर म्हणाली, “घर एकच व्हतं ना आधी. हितल्या किलच्या भिंतीवरून पलीकडं गेल्यात, त्यांच्या देवघरावर. हितं कुदळ मारली तर तिकडं देवावर माती पडंल. भासऱ्याचा देव हाय.” तिनं तिथं तळहातानं दाबून पाहिलं, माती कडक लागली, आणि कोपरा तसाच राहिला.

धाबं उघडं पडलं तसं जाणारं येणारं माणूस थांबून पाहू लागलं. बाई धाबं टाकतीय, हे बाजारात गेलं. त्याच आठवड्यात एका सकाळी मोठेबाबा शेतात गेले नाहीत. त्यांनी बाज उचलून लिंबाखाली आणली, आमच्या धाब्याकडं तोंड करून टाकली आणि तिच्यावर बसून दोर वळू लागले.

ते खाली बसलेले असताना माय धाब्यावर पाय ठेवणार नव्हती. हे त्यांना ठाऊक होतं.

माय शिडीच्या वरच्या पायरीपर्यंत चढली, धाब्यापलीकडं बाज दिसली, खाली उतरली. तो दिवस आम्ही आतून भिंती लिंपल्या. दुसऱ्या दिवशीही बाज होती. नांगरट गडी करत होते. मोठेबाबांचं जेवण बाजेवर, दुपारची झोप बाजेवर. म्हशी आणि ते एका सावलीत. आतलं काम संपलं. मायनं लिंपलेलं पुन्हा लिंपलं, सारवलेलं पुन्हा सारवलं, आणि मग उंबऱ्याच्या आत पाय पसरून बसली. मी तिला रिकामी बसलेली फारशी कधी पाहिली नव्हती. तिचे हात मांडीवर उताणे पडले होते, बोटांच्या चिरांत माती. वर उघड्या किलच्यांतून उन्हाचे पट्टे तिच्या अंगावर आले होते.

मी म्हटलं, मी बोलते त्यांच्याशी. शहरात राहून मला असं वाटायला लागलं होतं की बोलून सगळं सुटतं.

“काय बोलशील? अंगन त्यांचं, बाज त्यांची. मानूस आपल्या अंगनात बसू नये का?”

मग तू चढ तशीच, मी म्हटलं. काय होईल फार तर.

ती रागावली नाही. “तुझे अण्णा असते तर चढले असते का त्यांच्या डोक्यावर? मला चूल पाहिजे, कौसे. त्यांची लाज काढून नाय पाहिजे.”

ताहेरा तिच्या दारातून हे सगळं रोज पाहत होती. तिच्या दाराला टाटाचा, म्हणजे जाड तागाचा, पडदा असे. त्याच्या फटीतून गल्लीतलं काहीच सुटायचं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ती बुरख्याचं टोक दातात धरून आमच्याकडं आली, पायरीवर टेकली आणि मायच्या हातांकडं पाहिलं.

“क्या चतुराबाय, मेंदी लगाके बैठी क्या?”

मायनं हनुवटीनं अंगणाकडं दाखवलं.

“देख्या मैं. अगं, जेठासमोर आम्ही बी नाय फिरत. पन म्हनून आमची कामं थांबत्यात का? पडदा कशाला असतोय मंग?”

एवढं बोलून ती उठून गेली. परत आली तेव्हा तिच्या खांद्यावर घडी केलेला तो टाट होता, दाराचाच, कड्यांसकट. मायनं नको म्हटलं. तुमचं दार उघडं पडेल.

“पडू दे. गाव सगळं तुझ्याकडं वर बघतंय, माझ्या दारात कोन डोकावतंय?” ताहेरा म्हणाली. “आनी वहाबमियाँला म्या सांगितलं, चार दिवस दाराभाईर बसायचं आन कुनी आलं की खोकायचं.”

माय हसली. अण्णांनंतर मी तिला तेव्हा पहिल्यांदा हसताना पाहिलं. पदरात तोंड घालून, आवाज न करता.

मोठेबाबा संध्याकाळी मारुतीला गेले तेवढ्यात आम्ही धाब्याच्या कडेला खोपीचे बांबू उभे केले आणि त्यांच्या अंगणाच्या बाजूनं टाट ताणून बांधला. सकाळी ते बाज घेऊन आले आणि वर पाहिलं. टाट वाऱ्यानं जरा फुगला. त्याच्या मागं माय माती पसरत होती. पदर कपाळाखाली होता, अंगावर सदरा होता, आणि भासऱ्याच्या नजरेला काहीच दिसत नव्हतं. रीत जिथल्या तिथं होती.

ते बसले. उठले असते तर हरले असते, असं त्यांना वाटलं असावं.

आता आम्ही पहाटे पांढरीवर जायचो. माय टिकावानं खणायची, मी पाट्या भरायचे, दोघी डोक्यावरून आणायचो. मान आखडून जायची. ऊन चढलं की वर टाटामागं वाराही नसे. चुलीवरच्या तव्यासारखं धाबं तापलेलं, पायाला गोणपाट बांधूनही टाच भाजायची. किलच्यांवर लिंबाचा पाला, पाल्यावर कालवलेल्या चिखलाचा थर, त्यावर चाळलेली माती. मग पाणी शिंपडायचं आणि चोपायचं. चोपणं म्हणजे बाभळीचा जाड फळीसारखा दांडा. माय उकिडवी बसून ते दोन्ही हातांनी मारायची, एक वीत सरकायची, पुन्हा मारायची. मी थोडा वेळ मारलं की माझे तळहात फुटायचे. तिचे फुटून झाले होते. ती चिंध्या बांधायची, चिंधी सैल झाली की दातांनी ओढून घट्ट करायची आणि मारत राहायची. मी पुस्तकं बरीच वाचली आहेत. धीर हा शब्द त्यांत पुष्कळदा भेटतो. मला तो अजूनही त्या चोपण्याच्या आवाजात ऐकू येतो.

बाजाराच्या दिवशी गल्लीतून जाणाऱ्या एका म्हाताऱ्यानं मोठेबाबांना हटकलं. “पुंजारामभाऊ, वर काय पडद्यातली मैफल बसवलीया का?” बरोबरचे दोघे हसले. मी टाटामागं पाटी घेऊन उभी होते. मोठेबाबा काय म्हणतात म्हणून माय पण थांबली.

“आमच्या भावजयीचं काम चालू हाय,” मोठेबाबा म्हणाले. “तू तुझ्या बाजाराला जा.”

मायनं पुन्हा चोपणं उचललं.

काम पूर्वेकडून सरकत पश्चिमेला, मधल्या भिंतीकडं आलं. मृगाला आता थोडेच दिवस उरले होते. सोडलेल्या कोपऱ्यावरही तिनं नवी माती टाकली, पाणी मारलं, आणि चोपू लागली. तिथं ती हलक्या हातानं मारत होती, पलीकडच्या देवासाठी. दुपार कलली होती. खाली म्हशी रवंथ करत होत्या. आणि अंगणातून मोठेबाबांचा आवाज आला.

“कौसे.”

मी टाटाच्या कडेनं डोकं बाहेर काढलं. ते बाजेवर ताठ बसले होते, दोर मांडीवर पडलेला, मान एका बाजूला कलती.

“तुझ्या मायला म्हन, आनखी एकदा मार तिथं.”

मायला सांगावं लागलं नाही. तिनं मारलं.

“जोरात म्हन.”

तिनं जोरात मारलं. मोठेबाबांनी डोळे मिटले. मला वरून सगळीकडं सारखाच आवाज येत होता. ते उठून आमच्या भिंतीजवळ आले, भिंतीला तळहात लावला, आणि पुन्हा मारायला सांगितलं. मग तळहात भिंतीवरच ठेवून उभे राहिले. ते काय तोलत होते हे मला तेव्हा कळलं नाही. नंतर कळलं. ते गप्प राहिले असते तर कोणाला कधी कळलं नसतं, आणि माय आषाढात आपल्या पायांनी त्यांच्या घरात परत आली असती.

“पोकळ वाजतंय,” ते म्हणाले. “वरून नाय कळायचं, खालून कळतंय. तिथं उकरलं नाय का?”

मी मायकडं पाहिलं. ती खालमानेनं बसली होती. टाटाकडं तोंड करून ती म्हणाली, “म्हनावं, पलीकडं देवघर हाय. देवावर माती पडंल म्हनून सोडलं.”

हे मी सांगायच्या आत त्यांनी ऐकलं होतं. आपल्यासाठी पाळलेल्या मर्यादेनं हिचं घर पडणार आहे, हे त्यांच्या तोंडावर मला दिसलं. ते म्हातारे झाल्यासारखे वाटले. खांद्यावरच्या पंच्यानं त्यांनी मान पुसली.

“म्हनावं, खन,” ते म्हणाले. “देव मी हालवतो. माती सांडली तर झाडून घिऊ.”

ते आत गेले. भिंतीपलीकडं देव ताम्हनात ठेवल्याचा आवाज झाला, पाट सरकल्याचा झाला. मग तिकडून त्यांनी भिंतीवर थाप मारली.

मायनं कुदळ घेतली. दोन-तीन घावांत वरची कडक माती फुटली आणि खाली हात गेला. किलच्या वरून दिसायला किलच्या होत्या, आत वाळवीनं पोखरून भुसा केलेला. मुठीत दाबली तर पीठ झालं. एवढ्या ओल्या मातीचं ओझं त्या भुशावर बसलं होतं. बरोबर खाली मायनं चुलीची जागा धरली होती.

ती हातातल्या भुशाकडं पाहत राहिली. मग तिनं कोपरा सगळा साफ उकरला, भिंतीच्या माथ्यापर्यंत. पलीकडं माती सांडली असणार, कारण मोठीआईच्या झाडूचा आवाज येत होता. खोपीचं लाकूड संपलं होतं. आता उद्या कुठून आणायचं, असं ती मला विचारत होती, तोवर मागच्या बोळात काहीतरी पडल्याचा आवाज आला. मी वाकून पाहिलं. शिडीच्या बुडाशी सागाच्या किलच्यांचा भारा होता, रंद्यानं साफ केलेल्या, जुन्या, कोरड्या. मोठेबाबा बोळातून परत जाताना पाठमोरे दिसले.

अंगणात येऊन त्यांनी बाज उभी केली, खांद्यावर घेतली आणि आत नेली.

माय उठून उभी राहिली. तिच्या मांडीवरची माती खाली पडली. रिकाम्या अंगणाकडं तिनं टाटाच्या फटीतून पाहिलं.

“सोड तो पडदा,” ती मला म्हणाली. “वारं यिऊ दे. ताहेराला देऊन ये. म्हनावं, वहाबमियाँचा खोकला थांबव.”

मृगाच्या आधी धाबं झालं. वर शेण-तूस कालवून सारवलं, पाणी गल्लीकडं उतरेल असा उतार दिला आणि पन्हाळ बसवली. मोठेबाबांनी खालून आणि आतून फिरून सगळ्या खणांवर काठीनं ठोकून पाहिलं. त्या वेळी माय ताहेराच्या पायरीवर जाऊन बसली होती. ते मला एवढंच म्हणाले, पन्हाळीचं तोंड जरा पुढं काढा, भिंत ओली होईल. ते आम्ही काढलं.

चूल मायनं आदल्या रात्रीच घालून ठेवली होती. सकाळी ती काड्याची पेटी घेऊन बसली, तेवढ्यात मोठीआई आली. तिच्या हातात खापरावर पेटती गोवरी होती. ती भरभर चालत आली होती, गोवरी विझेल म्हणून.

“हे म्हनले, काडी वढू नको म्हनावं,” मोठीआई धापा टाकत म्हणाली. “इस्तू घरचाच पाहिजे.”

मायनं खापर दोन्ही हातांनी घेतलं. ते इतकं तापलं होतं की मोठीआईनं पदरानं धरलं होतं, पण मायच्या तळहातांना आता ते कळलं नसावं. गोवरी तिनं चुलीत सारली, वर काटक्या ठेवल्या आणि फुंकलं. धूर आधी सगळ्या घरात पसरला, नव्या किलच्यांना लागून फिरला, आम्हाला तिघींना खोकला आला. मग त्याला धुरासाठी धाब्यात ठेवलेलं भोक सापडलं.

मी डोळे पुसत बाहेर आले. मोठेबाबा अंगणात उभे होते, हात कपाळावर धरून, आमच्या धाब्यावरच्या धुराकडं मान वर करून पाहत.

“सरळ चाललाय,” ते म्हणाले, आणि बैल सोडायला गेले.